उपनगरात घर घेताना

1987 साली मी वरळीची बी. डी. डी. चाळ सोडायचे ठरविले. मुले मोठी झाली होती. एकशेसाठ चौरस फुटांची खोली पुरेनाशी झाली होती. कर्जही मंजूर झाले. मुलुंडला एक जागा पसंत पडली. दलालाने नाव विचारले, मग आडनाव, मग मूळ गाव. दोन दिवसांनी निरोप आला, "जागा गेली." पुढे तीन महिने तिला कुलूपच होते.

आज आपली शिकलेली मुले मला विचारतात, घर कुठे घ्यावे? सोयीचा हिशेब सरळ आहे. अंधेरीला नोकऱ्या जवळ, पण भाव चढे. घाटकोपरला मध्य रेल्वे आहे आणि 2014पासून अंधेरीकडे जाणारी मेट्रोही. बोरिवलीला जलद गाड्या थांबतात. मुलुंड म्हणजे महापालिकेच्या हद्दीचे टोक, पुढे ठाणे. स्टेशन पायी किती दूर, पाणी किती तास, पावसात रस्ता तुंबतो का, हे स्वतः जाऊन पाहावे. नव्या इमारतीचा महारेरा नोंदणी क्रमांक तपासावा.

पण आपल्याला आणखी एक चौकशी करावी लागते: दार उघडेल का? अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, केवळ पारशांनाच सभासद करून घेणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली वैध ठरविला. म्हणून इसार देण्याआधी संस्थेचे उपविधी मागून वाचावेत. आपल्याकडच्या आदर्श उपविधींप्रमाणे सदनिकेच्या हस्तांतरणाला संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सभासदत्व नाकारलेच, तर कारण लेखी मागावे आणि उपनिबंधकाकडे जावे. तोंडी नकाराशी भांडता येत नाही.

मग आपल्या वस्तीतच राहावे काय? तिथे विहार असतो, जयंती असते, अडीनडीला माणूस असते. पण निर्धास्ती तिथेही नाही. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहाजण मेले.

मी शेवटी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीत घर घेतले. मुले तिथेच शिकली. तक्रार नाही. पण ती जागा मी निवडली की माझ्या आडनावाने, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्हांला ते सांगता यावे, एवढ्यासाठी हे लिहिले.