चाल, वेग आणि आपला बोरघाट

इयत्ता सातवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात गतीचा एक पाठ आहे. त्यात चाल आणि वेग यांच्या व्याख्या येतात. ठरावीक काळात वस्तूने किती अंतर कापले, हे चाल सांगते. त्या काळात ती वस्तू कोणत्या दिशेला, किती दूर सरकली, म्हणजेच तिचे विस्थापन किती झाले, हे वेग सांगतो. मुले या व्याख्या आठ दिवसांत पाठ करतात आणि सूत्रात आकडे घालून गुणही मिळवतात. मात्र वसतिगृहापासून भोजनगृहापर्यंत तू किती चालीने जातोस, असे विचारले की वर्ग शांत होतो. सूत्र येते, पण मोजणी केलेली नसते. आपल्या शाळेत हा पाठ फळ्यावर न संपवता मैदानावर, रेल्वेत आणि लेण्यांत का नेला जातो, असे काही पालकांनी विचारले होते. त्यासाठी हा लेख. मी इतिहासाचा शिक्षक असलो तरी या तासांना विज्ञानाच्या सहकाऱ्यांबरोबर आवर्जून उभा राहतो. त्याचे कारण पुढे येईल.

पहिली अडचण भाषेची आहे. बोलताना आपण वेग हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो. द्रुतगती मार्गावरच्या पाटीवर ‘वेगमर्यादा’ लिहिलेले असते, पण विज्ञानाच्या दृष्टीने ती चालीची मर्यादा असते, कारण पाटीला दिशेशी देणेघेणे नसते. ‘चाल’ म्हटले की मुलांना गाण्याची चाल किंवा बुद्धिबळातली चाल आठवते. म्हणून पहिल्या तासाला शब्दांवर वेळ घालवावा लागतो आणि तो वाया जात नाही.

मग मैदान. टेपने ५० मीटर अंतर मोजून चुन्याच्या दोन रेषा आखायच्या. एक मुलगा धावतो, दुसरा सुरुवातीच्या रेषेवर इशारा करतो, तिसरा शेवटच्या रेषेवर घड्याळ धरतो. इशारा शिट्टीने करायचा नाही, रुमाल खाली आणून करायचा. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे ५० मीटरवर शिट्टी ऐकू यायलाच सेकंदाचा सातवा भाग लागतो. त्यात बोटाने कळ दाबायला लागणाऱ्या वेळेची भर पडते. पाच मीटरच्या धावेत हा घोटाळा मोठा ठरतो, ५० मीटरच्या धावेत तो निभावतो. अंतर वाढवले की चूक का कमी होते, हे मुले इथे स्वतः शोधून काढतात. प्रत्येक धावेला तीन घड्याळे लावायची आणि तिन्ही नोंदी वहीत लिहायच्या. नोंदी जुळल्या नाहीत तर खाडाखोड करायची नाही. न जुळणारी नोंदसुद्धा नोंदच असते, हा आमचा नियम आहे.

एखाद्या मुलीला ५० मीटर धावायला १० सेकंद लागले तर तिची चाल सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर झाली. किलोमीटरवरून मीटरवर येताना ५/१८ ने गुणायचे, हा नियम पुस्तकात आहे. पण हे १८ कुठून आले हे मुलांनी एकदा मांडून पाहावे: किलोमीटरचे १००० मीटर, तासाचे ३६०० सेकंद, १००० भागिले ३६०० म्हणजे ५/१८. एवढे केले की नियम पाठ करावा लागत नाही.

मावळातल्या शाळेला एक मोठी प्रयोगशाळा फुकट मिळालेली आहे, ती म्हणजे लोहमार्ग. १९७८ पासून पुणे–लोणावळा लोकल धावते. मुंबईपासून लोणावळा १२८ किलोमीटर आणि पुणे १९२ किलोमीटर, म्हणून दोहोंमधले अंतर ६४. लोकलला साधारण ८० मिनिटे लागतात. सरासरी चाल ताशी ४८ किलोमीटर निघते. खिडकीतून दिसणाऱ्या विजेच्या खांबांवर पाट्या असतात. त्यांवरचा वरचा आकडा मुंबईपासूनच्या किलोमीटरचा असतो. तो आकडा एकदा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचे आणि ३६०० ला त्या संख्येने भागायचे. ६० सेकंद आले तर ताशी ६० किलोमीटर, ४८ आले तर ताशी ७५. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आपण मुलांना घेऊन देहूरोडला जातो, तेव्हा डब्यात अर्धा वर्ग पाट्या मोजत असतो. जाताना आकडे वाढत जातात, परतताना उतरत जातात. गाडी तीच आणि चालही तीच, पण वेगाचे चिन्ह उलटे. धन आणि ऋण वेग समजावण्यासाठी याहून सोपे साधन मला माहीत नाही.

सरासरीच्या गणितात मोठी माणसेसुद्धा फसतात. समजा, लोहगडाकडे जाणारी ३ किलोमीटरची चढण आपण ताशी २ किलोमीटरने चढलो आणि ताशी ६ किलोमीटरने उतरलो. सरासरी चाल किती? नव्वद टक्के मुले ४ म्हणतात (पालकसभेत विचारून पाहिले, तिथेही बहुतेकांनी ४ च सांगितले). चढायला दीड तास लागला, उतरायला अर्धा. ६ किलोमीटरला २ तास, म्हणजे ताशी ३. हळू चालण्यात वेळ जास्त जातो, म्हणून सरासरी हळू चालीकडे झुकते. आणि जिथून निघालो तिथेच परत आलो, म्हणून विस्थापन शून्य आणि सरासरी वेगही शून्य.

हे शून्य मुलांना खटकते. दोन तास घाम गाळला आणि उत्तर शून्य कसे? त्यासाठी कार्ल्याचे चैत्यगृह उपयोगी पडते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले हे दालन जवळपास ३८ मीटर लांब आहे. दारातून आत जाऊन खांबांच्या मागच्या वाटेने स्तूपाला वळसा घालत पुन्हा दाराशी यायला सुमारे ८० मीटर चालावे लागते. शांतपणे दोन मिनिटे लागली तर चाल मिनिटाला ४० मीटर. विस्थापन मात्र काहीच नाही. शून्य म्हणजे चालणे झाले नाही असे नव्हे. सुरुवातीची आणि शेवटची जागा एकच आहे, एवढेच ते शून्य सांगते.

आता बोरघाट. कर्जत ते लोणावळा लोहमार्गाचे अंतर २८ किलोमीटर आहे. चढताना मागून जादा इंजिने जोडतात आणि गाडीला सुमारे पाऊण तास लागतो. चाल ताशी सदतीस किलोमीटरच्या आसपास. मुलांना नकाशा देऊन आम्ही दोन कामे सांगतो. रुळांच्या वळणांवर दोरा ठेवायचा आणि मग तो ताणून मोजायचा: हे अंतर. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंत सरळ पट्टी ठेवायची: हे विस्थापन. पट्टीने सुमारे २० किलोमीटरच भरतात, दिशा आग्नेयेची. म्हणून सरासरी वेग ताशी सुमारे २७ किलोमीटर, आग्नेयेकडे. दोरा आणि पट्टी यांतला ८ किलोमीटरचा फरक म्हणजे डोंगराने घ्यायला लावलेली वळणे.

हा मार्ग १८६३ साली खुला झाला. चढण इतकी तीव्र होती, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट, की खंडाळ्याजवळ उलटफेरीचे स्थानक बांधावे लागले. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. वेग धन, मग शून्य, मग उलट दिशेचा, आणि तरीही गाडी लोणावळ्याच्या जवळच जाई. १९२९ साली विद्युतीकरणाच्या वेळी नव्या मार्गामुळे ते स्थानक बंद झाले. अभियंता जेम्स बर्कले, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आणि त्याच्या मृत्यूनंतर काम पुढे नेणारी त्याची पत्नी ॲलिस, ही नावे कागदोपत्री टिकली. १८६१ च्या सुरुवातीला या कामावर ४२ हजारांवर मजूर होते. पटकीने आणि तापाने त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कुठल्याही बोगद्यावर नाहीत.

इथेच माझ्यातला इतिहासाचा शिक्षक या तासाला का येतो ते सांगायला हवे. महार वतनात गावोगाव सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवणे, अधिकाऱ्यांच्या पुढे धावणे ही कामे आपल्या पूर्वजांच्या वाट्याला होती. गावाच्या शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष मोलाची मानत. म्हणजे जमीन आणि वाट त्यांना पावलापावलाने ठाऊक होती. पण किती कोस चालला आणि किती प्रहर राबला, याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते. कामाला ना वेळेची मर्यादा, ना ठरलेला मोबदला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच व्यथा होती. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. अंतर आणि वेळ मोजून स्वतःच्या वहीत लिहिणारी मुलगी मी पाहतो, तेव्हा मला तो काळ आठवल्यावाचून राहत नाही.

शेवटचे गणित आम्ही प्रत्येक तुकडीकडून करून घेतो, कारण मावळात अनेक गावांची वाट रुळांवरून जाते. ताशी ९० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २५ मीटर पुढे सरकते. वळणावर ती २५० मीटरवर दिसली, तर हातात १० सेकंद उरतात. दोन मार्ग ओलांडायला साधारण १० मीटर चालावे लागते. दप्तर पाठीवर घेऊन, खडीवरून मुलाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरली, तर आठ सेकंदांहून अधिक वेळ लागतो. उरतात दोन सेकंदांहूनही कमी. त्यात पाय घसरला, किंवा दुसऱ्या मार्गावरून गाडी आली, तर तेही नाहीत. शिवाय समोरून येणारी मोठी वस्तू डोळ्याला हळू येते आहे असे भासते, म्हणून नुसत्या अंदाजावर विसंबता येत नाही. हे गणित मुले घरी नेऊन आईवडिलांना दाखवतात. गेल्या पावसाळ्यात एका आजोबांनी त्याच वहीत नातवाकडून आपली स्वतःची चाल मोजून लिहून घेतली: सेकंदाला ०.८ मीटर. त्या चालीने १० मीटरला साडेबारा सेकंद लागतात. आता ते स्थानकावरच्या पुलाने जातात.