प्रत पोचली, पण तीच पोचली का?

मळवली स्टेशनात उतरलं की दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर दात्याचं नाव कोरलंय: सोपाऱ्याचा सातिमित, धम्मोत्तरीय पंथाचा भाणक. भाणक म्हणजे धर्मवचनं तोंडपाठ ठेवून म्हणणारा. दहाजण एकसुरात म्हणत असले की एकाचा चुकलेला शब्द बाकीच्यांच्या कानाला लगेच खटकतो.

एकच फाइल चाळीस दूरच्या कॉम्प्युटरांवर पाठवताना मला हा सातिमित आठवतो. फाइल पाठवणं सोपं. ती सगळीकडे अगदी तीच पोचली का, हे कळणं अवघड. एका संगणक कक्षात मी पेनड्राइव्ह घेऊन मशीनमागून मशीन फिरलो होतो. मागच्या रांगेतल्या एकावर जुनीच फाइल राहिली आणि दोन दिवसांनी ध्यानात आलं.

म्हणून 'आरसिंक' हे सॉफ्टवेअर. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात ते लिहिलं. पलीकडचं मशीन आपल्या जुन्या फाइलचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा चेकसम म्हणजे हिशेबी खूण काढतं आणि त्या खुणा इकडे पाठवतं. इकडचं मशीन त्या ताडून पाहतं आणि न जुळलेला भागच धाडतं. दोनशे पानांच्या फाइलीत एक ओळ बदलली, तर दोनशे पानं पुन्हा जात नाहीत. मशीनच्या नावांची यादी करायची, दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरण्यासाठीची 'एसएसएच'ची किल्ली एकदाच सगळीकडे बसवायची, मग पासवर्ड न विचारता यादी खाली सरकत जाते.

फाइल अवजड असेल तर मात्र एकट्या मशीनवर चाळीसांचा भार टाकू नये. त्याची लाइन तुंबते. ज्याला मिळाली त्यानं पुढच्याला द्यावी. एकाचे दोन, दोनाचे चार. पाच फेऱ्यांत ३२, सहाव्या फेरीत चाळीसही उरकतात. बिटटॉरेंटमध्ये तर पूर्ण फाइल हाती येण्याआधीच मिळालेले तुकडे आपसात वाटले जातात.

शेवटी प्रत्येक मशीनवर पूर्ण फाइलची खूण काढणारं 'शा-२५६' चालवायचं. फाइल केवढीही असो, उत्तर ६४ अक्षरांची एक ओळ. आत एक स्वल्पविराम हलला तरी ती ओळ पार बदलते. चाळीस ओळी एकाखाली एक मांडतो आणि नजर खाली नेतो. जी ओळ वेगळी दिसते, तिच्यापुढचं मशीनचं नाव टिपून घेतो आणि फाइल पुन्हा पाठवतो.