जुळणी संच आणि सुट्या भागांचे व्यापारी

नभोवाणी यंत्र आज तयार वस्तू म्हणून दुकानातून घरी येते. आरंभीच्या काळात मात्र ते पुष्कळदा घरीच जन्माला येई. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर गुंडाळलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे, गॅलेना या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्यावर अलगद टेकविलेली बारीक तार आणि कानाला लावावयाचा हेडफोन एवढ्या साहित्यावर, विजेचा पुरवठा नसतानाही, जवळच्या केंद्राचा आवाज ऐकू येत असे. गॅलेनाचा वापर करणाऱ्या अशा शोधक साधनाचे अमेरिकन एकस्व १९०४ साली जगदीशचंद्र बसू यांना मिळाले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

हे साहित्य विकणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी अगदी सुरुवातीचे नाव ह्यूगो गर्न्सबॅक यांचे. लक्झेंबर्गहून १९०४ साली अमेरिकेत गेलेल्या या तरुणाने न्यूयॉर्क येथे ‘इलेक्ट्रो इंपोर्टिंग कंपनी’ काढली आणि लवकरच ‘टेलिम्को’ नावाचा बिनतारी संदेशाचा छोटा संच टपालाने विकण्यास प्रारंभ केला. परंतु केवळ भाग विकून व्यवहार पुरा होत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले असावे. त्यांनी सूचिपत्रे छापली आणि १९०८ साली ‘मॉडर्न इलेक्ट्रिक्स’ हे मासिकच सुरू केले. सुट्या भागांचा व्यापारी संपादक झाला, तो हौसेखातर नव्हे. भाग कसे जोडावे हे ज्याला कळत नाही, तो ते विकत तरी कशाला घेईल?

परवान्याचा प्रश्न

घरगुती जुळणीने प्रशासनापुढेही पेच उभे केले. ब्रिटनमध्ये १९२२ साली बीबीसीची स्थापना झाली, तेव्हा मान्यताप्राप्त कारखानदारांनी बनविलेल्या, बीबीसीचा शिक्का असलेल्या यंत्रासाठी १० शिलिंगांचा परवाना ठरविण्यात आला. लोकांनी भाग आणून घरीच यंत्रे जोडली. त्यांना शिक्का कोठला? कित्येकांनी ‘प्रयोगकर्ता’ म्हणून परवाना मागितला, कित्येकांनी घेतलाच नाही. अखेर १९२३ मध्ये घरी जुळणी करणाऱ्यांसाठी वेगळा परवाना काढावा लागला. लोक जे करीतच होते, त्याला नियमाने मागाहून जागा करून दिली.

भारतात मुंबईच्या रेडिओ क्लबने १९२३ साली हौशी प्रक्षेपण केले आणि २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. पुढे अनेक दशके यंत्र बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून वार्षिक परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात संपुष्टात आली.

हीथ कंपनीची पुस्तिका

जुळणी संचांच्या इतिहासात मानाचे स्थान अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या बेंटन हार्बर येथील हीथ कंपनीला द्यावे लागेल. तिचा मूळ व्यवसाय विमानांचा. संस्थापक एडवर्ड हीथ यांनी १९२६ साली ‘पॅरासोल’ हे छोटे विमान, घरी जोडता येईल अशा भागांच्या रूपात विक्रीस काढले. १९३१ साली एका चाचणी उड्डाणात त्यांचा मृत्यू झाला. दिवाळ्यात निघालेली ही कंपनी हॉवर्ड अँथनी यांनी १९३५ साली विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याचे शिल्लक इलेक्ट्रॉनिक भाग मोठ्या प्रमाणावर बाजारात आले, तेव्हा अँथनी यांनी त्यांचा साठा घेऊन १९४७ साली ऑसिलोस्कोपचा संच तयार केला. विद्युत्प्रवाहातील चढउतार पडद्यावर दाखविणारे हे उपकरण तोपर्यंत मोठ्या प्रयोगशाळांनाच परवडत असे. संचाची किंमत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात होती.

किंमत कमी राहण्याचे कारण सरळ होते. त्या काळी यंत्रातील एकेक तार कामगाराला हाताने जोडावी लागे, आणि ही मजुरी किंमतीचा मोठा हिस्सा असे. ती मजुरी ग्राहक स्वतः करू लागला की तेवढे पैसे वाचत. तथापि, ज्याने आयुष्यात कधी डाख दिलेला नाही, अशा गृहस्थाच्या हाती शंभर-दोनशे भाग सोपवावयाचे, तर त्याला शिकविणे आले. येथे हीथची पुस्तिका उपयोगी पडली.

या पुस्तिकेची रचना शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. प्रारंभी पेटीतील भागांची यादी असे व प्रत्येक भाग मोजून घेण्यास सांगितलेले असे. नंतर डाख कसा द्यावा, चांगला डाख कसा दिसतो आणि कच्चा कसा ओळखावा, हे चित्रांसह येई. रेझिस्टरवरील रंगीत पट्ट्यांची भाषाही दिलेली असे. उदाहरणार्थ, पिवळा म्हणजे ४, जांभळा म्हणजे ७ आणि तिसरा लाल पट्टा म्हणजे पुढे दोन शून्ये. म्हणून असा रेझिस्टर ४,७०० ओहमचा. त्यानंतर प्रत्यक्ष जुळणी. एका वाक्यात एकच कृती, आणि प्रत्येक कृतीच्या आरंभी एक रिकामा कंस. काम झाले की त्यात खूण करावयाची. रात्री काम अर्धवट सोडून उठलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी नेमके कोठून पुढे जावयाचे, हे त्या खुणांवरून कळे. शेवटी यंत्र न चालल्यास काय तपासावे आणि मंडल काय कार्य करते, याचे विवरण. एवढे करूनही यंत्र मुकेच राहिले, तर कंपनीशी पत्रव्यवहार करता येई. ग्राहकाला अपयशी होऊ द्यावयाचे नाही, हे या कंपनीचे ब्रीद होते. संच जोडणाऱ्याजवळ यंत्र तर येईच, पण ते बिघडल्यास उघडण्याचे धैर्यही येई. माझ्या मते ही दुसरी प्राप्ती मोठी.

संगणकापर्यंत

संगणक सामान्य माणसाच्या टेबलावर आला तोही जुळणी संचाच्या रूपाने. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ झळकला. एड रॉबर्ट्स यांच्या कंपनीने काढलेल्या या संचाची किंमत ४०० डॉलरच्या आत होती. त्याला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. पुढील बाजूच्या खटक्यांनी आज्ञा द्याव्या लागत. तरीही मागणी इतकी आली की कंपनीला ती पुरविणे कठीण झाले. ब्रिटनमध्ये १९८१ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स ८१’ तयार स्वरूपात ६९.९५ पौंडांना, तर संच म्हणून ४९.९५ पौंडांना मिळे.

मात्र हा फरक टिकणारा नव्हता. एकात्मिक मंडलांमुळे शेकडो भागांचे काम एका चकतीत होऊ लागले व मंडलफलकावर भाग बसविण्याचे काम यंत्रे करू लागली. कारखान्यातील मजुरी नगण्य झाली. उलट सुटे भाग मोजून पुड्यांत भरणे आणि पुस्तिका छापणे हेच महाग पडू लागले. हीथ कंपनीने १९९२ साली संचांची विक्री थांबविली.

आपल्याकडे सुट्या भागांचा बाजार म्हटला की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली ही नावे ओघानेच येतात. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे दिल्लीचे मासिक १९६९ पासून मंडलांच्या आकृत्या छापत आले. अशी आकृती हाती असलेल्या हौशी तरुणाला या बाजारात जाऊन यादीनुसार एकेक भाग मिळविता येई.

शाळेतील पेटी

जुळणी संच आता शाळांतून पुन्हा आले आहेत. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली २०१६ पासून इयत्ता ६ वी ते १२ वीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘अटल टिंकरिंग लॅब’ स्थापन करण्यात आल्या. प्रत्येक प्रयोगशाळेस २० लाख रुपयांपर्यंतच्या अनुदानाची तरतूद असून त्यात उभारणीबरोबर चालू खर्चाचाही भाग आहे. येत्या पाच वर्षांत शासकीय शाळांत अशा ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला ‘आर्डुइनो’ फलक अशा प्रयोगशाळांतील मुलांच्या परिचयाचा आहे.

साहित्याची पेटी ताब्यात घेताना मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी भागांच्या संख्येबरोबर पुस्तिकाही पाहावी. ती मराठीत आहे काय? सातवीतील मुलाला शिक्षकाच्या मदतीवाचून तिची पहिली चार पाने पार करता येतील काय? नसल्यास शिक्षकांनी एखादा साधा प्रयोग निवडून, एका वाक्यात एक कृती व तिच्या आरंभी रिकामा कंस अशी दोन पानांची पुस्तिका स्वतःच लिहिणे अवघड नाही. दुसरी बाब नोंदवहीची. रेझिस्टर, तारा, डाखाची तार या खर्ची पडणाऱ्या वस्तू आहेत. त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत न करता उपभोग्य साहित्यात केली, म्हणजे मुलांच्या हातून जळालेल्या दोन-चार भागांचा हिशेब तपासणीच्या वेळी देत बसण्याची पाळी शिक्षकावर येत नाही, आणि पेटीही कपाटात कुलूपबंद राहत नाही.