महाद्वारातील समाधी

हिंदू समाजात मृताचे दहन करण्याची रूढी आहे. परंतु संन्याशाचा देह अग्नीला न देता भूमीत ठेवण्याची प्रथाही फार जुनी आहे. संन्यास घेतानाच त्याने अग्नीचा त्याग केलेला असतो. अनेक संतांच्या बाबतीतही हाच मार्ग अनुसरला गेला. अशा स्थानाला समाधी म्हणतात. आरंभी तेथे साधा चौथरा असतो. भाविकांची रीघ लागली म्हणजे त्यावर मंदिर उभे राहते. आळंदीस ज्ञानेश्वरांनी इ. स. १२९६ मध्ये समाधी घेतली, व तेथील गाभाऱ्यात आजही पूजा होते ती त्या समाधीचीच. मुसलमान समाजातील दर्गे असेच सत्पुरुषांच्या कबरींभोवती उभे राहिले असून, त्यांच्या उरुसाला पुष्कळ गावी सर्व धर्मांचे लोक जमतात.

पंढरपूरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. तेथे मंदिर विठ्ठलाचे, आणि समाध्या त्याच्या दाराशी! पूर्वेकडील महाद्वाराच्या पहिल्या पायरीला ‘नामदेवाची पायरी’ म्हणतात. संतांचे चरण आपल्यावर पडावेत, या इच्छेने नामदेवांनी तेथे समाधी घेतली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यांची इच्छा कशीही असो, वारकरी त्या पायरीवर पाय ठेवीत नाही. तो तिला मस्तक लावतो आणि ती ओलांडून आत जातो.

या पायरीसमोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी आहे. चोखामेळा हे मंगळवेढ्याचे. ते महार जातीत जन्मले, म्हणून विठ्ठलाचे अभंग रचणाऱ्या या भक्ताला विठ्ठलाच्याच मंदिरात प्रवेश नव्हता. यासारखा अन्याय दुसरा कोणता? इ. स. १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळले, आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. नामदेव तेथे धावले. ढिगाऱ्यातील अनेकांच्या हाडांतून चोखोबांची हाडे ओळखावयाची कशी? ज्या अस्थींतून ‘विठ्ठल, विठ्ठल’ असा नाद ऐकू आला, त्या नामदेवांनी उचलल्या, असे परंपरा सांगते. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांना समाधी दिली. शिंपी कुळातील संताने आपल्या मित्राला दिलेला हा मान होता.

समाधीला मान मिळाला, तरी चोखोबांच्या बांधवांना दार बंदच राहिले. समाधीची पूजा करणारे हात त्यांना अडवीतही होते. सहा शतके अशीच गेली. अखेर १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी हे दार उघडावे म्हणून पंढरपुरातच उपोषण केले, आणि त्यानंतर विठ्ठलाचे मंदिर सर्वांना खुले झाले. आता कोणत्याही जातीचा वारकरी त्या दाराने आत जाऊ शकतो. आषाढीच्या गर्दीतही तो आधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबतो, मग पायरीशी वाकतो, आणि नंतर विठ्ठलाकडे वळतो.