डावा पाय पुन्हा कामाला

पुण्या-मुंबईच्या गर्दीत क्लच दाबून दाबून ज्याची पोटरी भरून आली आहे, त्याला ऑटोमॅटिक गाडी म्हणजे सुटका वाटते. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओत एएमटी आणली, तेव्हा ही सुटका मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मात्र नेमका उलटा उद्योग चालतो. धडधाकट ऑटोमॅटिक गाडी घ्यायची, तिचा गिअरबॉक्स उतरवायचा आणि त्या जागी क्लच, तिसरं पेडल आणि हाताने टाकायचे गिअर असा सगळा संसार नव्याने मांडायचा. या उद्योगासाठी त्यांची एक लाडकी गाडी म्हणजे १९६५-६६ ची व्ही-८ इंजिनाची फोर्ड मस्टँग.

मस्टँगच का? १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि अक्षरशः उचलली गेली. १९६६ च्या मॉडेलच्याच सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नव्याने बनतात. पण खरं कारण वेगळं आहे. एकाच बॉडीत ही गाडी तीन गिअरची मॅन्युअल, चार गिअरची मॅन्युअल किंवा तीन गिअरची ऑटोमॅटिक अशी मागाल तशी मिळायची. म्हणजे क्लचची जागा कारखान्यानेच राखून ठेवलेली. जी गाडी कारखान्यातून कधी मॅन्युअल निघालीच नाही, तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे प्रत्येक ब्रॅकेट लेथवाल्याकडून घडवून घ्यावा लागतो आणि पैशाला अंत राहत नाही.

या मस्टँगमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे फोर्डचा सी-४. तो काही वाईट नाही. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक फिरवला की वाऱ्याने दुसराही फिरू लागतो, तसाच हा प्रकार, फक्त वाऱ्याऐवजी तेल. गाडी अलगद सुटते, पण तेलाच्या घुसळणीत थोडी ताकद वाया जाते. गिअर तीनच: २.४६, १.४६ आणि सरळ १. मागच्या धुरीचं (ॲक्सलचं) गुणोत्तर ३.०० असेल तर ताशी १०५ किलोमीटरला इंजिन मिनिटाला साधारण २,६०० फेरे घेतं. आजच्या हायवेवर तासन् तास असं चालवलं की कान किटतात.

म्हणून मूळचा चार गिअरचा बॉक्स न शोधता बहुतेक जण बोर्गवॉर्नरच्या टी-५ कडे वळतात. हा पाच गिअरचा बॉक्स फोर्डने १९८३ पासून मस्टँगमध्ये वापरला आणि १९८५ पासून त्याची सुधारलेली ‘वर्ल्ड क्लास’ आवृत्ती आली. १९९० ते ९३ च्या मस्टँगमधला टी-५ घ्यावा. त्याची टॉर्क सोसण्याची मर्यादा ३०० पौंड-फूट, म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर आहे. १९६५-६६ च्या मस्टँगमधल्या साध्या दोन बॅरल कार्ब्युरेटरच्या २८९ (घनइंच) इंजिनाचा कागदोपत्री टॉर्क २८२ पौंड-फूट, तोही जुन्या सढळ पद्धतीने मोजलेला. तेव्हा जोडी जमते. गंमत म्हणजे या वर्ल्ड क्लास मॅन्युअल बॉक्समध्ये तेल घालायचं ते ऑटोमॅटिकचंच. जाड गिअर ऑइल त्याच्या सिंक्रोनायझरच्या अस्तर लावलेल्या रिंगांना मानवत नाही.

आता मुख्य काम. गाडी भक्कम स्टँडवर घेतली, सी-४ उतरवला, की इंजिनाच्या मागे पत्र्याची पातळ फ्लेक्सप्लेट दिसते. ती काढून तिथे जड फ्लायव्हील लावायचं, आणि बरेच जण फसतात ते इथेच. २८९ इंजिनाचा क्रँक बाहेरून संतुलित केलेला असतो. पुढच्या पुलीवर आणि मागच्या प्लेटवर मुद्दाम विषम वजन असतं. या इंजिनाला ते २८ औंस-इंच लागतं. ऐंशीच्या दशकात फोर्डने त्याच घराण्यातल्या ५.० लिटर इंजिनासाठी ते ५० केलं. ज्या गाडीतून टी-५ काढला तिचंच फ्लायव्हील ‘फुकट मिळालंय’ म्हणून जुन्या इंजिनाला लावलं, तर ते बोल्टला बोल्ट बसतं आणि गाडी सुरू होताच सगळं अंग थरथरायला लागतं. मग दोष गिअरबॉक्सला.

क्रँकच्या टोकाच्या भोकात पितळी पायलट बुश ठोकायचा. ऑटोमॅटिक गाडीत तो नसतो आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्यातच टेकतं. बुश विसरला तर सगळा डोलारा पुन्हा उतरवावा लागतो. मग बेल हाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी पेटी. ऑगस्ट १९६४ पर्यंतच्या इंजिनांना ती पाच बोल्टांची, नंतरच्यांना सहा बोल्टांची. टी-५ सोबत येणारी हाउसिंग सहा बोल्टवाल्यालाच लागते. ती चढवल्यावर डायल गेज लावून तिचं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतंय का ते तपासायचं. काटा एकूण पाच हजारांश इंचांपेक्षा जास्त हलता कामा नये. हलला तर मध्य किंचित सरकवलेले डॉवेल (जुळणीच्या खुंट्या) मिळतात. कंटाळा येऊन ही पायरी गाळणारे पुष्कळ असतात. मग गिअर जड पडतात, बेअरिंग आवाज करतं आणि कारण सापडत नाही. आणखी एक: गिअरबॉक्स सरळ आत सरकत नसेल तर बोल्ट आवळून ओढू नये. ॲल्युमिनियमचा कान तडकतो.

मागच्या धुरीकडे जाणाऱ्या शाफ्टच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. सी-४ चा २८ दात्यांचा योक टी-५ मध्येही जातो. लांबी मात्र मोजूनच ठरवायची. गिअरबॉक्सखालचा आडवा पट्टा वेगळा लागतो, तो तयार मिळतो.

क्लच दाबण्याचे तीन मार्ग: जुनी दांड्यांची जोडणी, ८० च्या दशकातल्या मस्टँगसारखी केबल, किंवा हायड्रॉलिक. दांड्यांची जोडणी मूळ गाडीशी प्रामाणिक, पण एक्झॉस्टच्या पाइपांशी तिची भांडणं होतात. रोज चालवायची असेल तर मी केबल निवडेन. डॅशबोर्डखाली उताणं पडून रुंद ब्रेक पेडल काढणं आणि त्या जागी दोन अरुंद पेडल बसवणं हा या साऱ्या कामातला सर्वांत कंबरतोड भाग.

उरलेल्या निरवानिरवीत सी-४ कडे जाणारी व्हॅक्यूमची नळी आणि रेडिएटरमधून येणाऱ्या तेलाच्या नळ्या बंद कराव्या लागतात. ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच स्टार्ट व्हावी म्हणून एक स्विच असतो. त्याच्या तारा नुसत्या जोडून मोकळं होऊ नका. क्लच पेडलवर स्विच बसवा, नाहीतर गाडी गिअरमध्ये सुरू होऊन भिंत गाठेल. आणि हँडब्रेक! ऑटोमॅटिकवाले वर्षानुवर्षं ‘पार्क’च्या भरवशावर राहतात, डॅशखालची ती मूठ कोणी ओढलेलीच नसते. आता ‘पार्क’ गेलं. आधी हँडब्रेक दुरुस्त करा.

धुरीचा हिशेबही पाहा. टी-५ चा पहिला गिअर ३.३५ आणि पाचवा ०.६८. ३.०० च्या धुरीवर १०५ च्या वेगाला आता फेरे १,८०० च्या आसपास उतरतात, हे उत्तम. अनेक ऑटोमॅटिक मस्टँगना मात्र २.८० ची धुरी होती. तिथे पाचवा गिअर इतका लांब पडतो की चढावर इंजिन धापा टाकतं. अशा वेळी धुरीचे दातेही बदलावे लागतात.

आपल्याकडे कोणाला असा मोह झाला तर एक लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई करतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पाना हातात घेण्याआधी आरटीओत विचारा. अमेरिकेतही दुर्मीळ, मूळ भागांसह टिकलेल्या गाडीला हात लावू नये. साध्या, रंग उडालेल्या मस्टँगवर खुशाल करावं. त्या मस्टँगच्या दारावरच्या पट्टीत गिअरबॉक्सचा संकेत असतो: चार गिअरच्या मॅन्युअलला ५, सी-४ ला ६. तुम्ही काहीही बदललं तरी तिथला ६ तसाच राहतो. म्हणून उतरवलेला सी-४ भंगारात देऊ नका, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला आधीच सगळं सांगा.