मुखपट्टीविषयीचे सांस्कृतिक दृष्टिकोन : राळेगाव परिसराच्या संदर्भात

कोरोनाच्या साथीत एप्रिल २०२० मध्ये महाराष्ट्रात मास्कची सक्ती सुरू झाली. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, ती उठली. या काळात ग्रामीण समाज तोंड झाकण्यास राजी नाही, अशी तक्रार वारंवार झाली. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या कापूस पिकविणाऱ्या तालुक्याच्या संदर्भात ही तक्रार अपुरी ठरते.

येथे चेहरा झाकणे मुळीच नवे नाही. मे महिन्याच्या उन्हात पुरुष दुपट्ट्याने डोके, कान व नाक बांधून घेतात. दुचाकीवरील मुली केवळ डोळे उघडे ठेवून ओढणी गुंडाळतात. त्याविषयी कोणी विचारणा करीत नाही. तोच मनुष्य मास्क लावून दिसला की 'बरं नाही का?' हा प्रश्न ठरलेला. दुपट्ट्याचे नाते उन्हाशी, मास्कचे आजाराशी. लोकांचा आक्षेप वस्त्राला नसून त्याला चिकटलेल्या अर्थाला असतो.

हा अर्थ समाजागणिक बदलतो. जपानमध्ये सर्दी झालेली व्यक्ती इतरांना त्रास होऊ नये म्हणून मास्क लावते व तो शिष्टाचार समजला जातो. सॅन फ्रान्सिस्कोत मात्र इन्फ्लुएंझाच्या साथीत, १९१९ साली, मास्कविरोधी संघटना स्थापन झाली. तेथे प्रश्न व्यक्तिस्वातंत्र्याचा झाला. मांचुरियातील १९१०-११ च्या फुप्फुसाच्या प्लेगमध्ये डॉ. वू लिएन-तेह यांनी जाळीदार कापड व कापूस यांचा मास्क पुरस्कारिला. तो नाकारणारे एक फ्रेंच डॉक्टर त्याच साथीत मरण पावले. म्हणजे अनास्था ही अशिक्षितांचीच मक्तेदारी नव्हे. आपल्याकडे स्थानकवासी व तेरापंथी जैन साधुसाध्वींची मुखवस्त्रिका तर सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी, अर्थात परार्थच असते. परंतु ती व्रतस्थांची खूण मानली गेल्याने तिचा सामान्य व्यवहारात प्रसार झाला नाही.

राळेगाव परिसरात या प्रश्नाचे खरे गांभीर्य साथीपेक्षा फवारणीत आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. उंच वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा अंगावर व तोंडावर येत होता. मजुरांनी संरक्षक साधने वापरली नाहीत, असे तेव्हा सांगितले गेले. हे विधान खरे असले तरी न्याय्य नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात पाठीवर भरलेला पंप घेऊन चालणाऱ्याचा मास्कमध्ये जीव गुदमरतो. मजुरी पंपांच्या हिशेबाने असेल तर प्रत्येक विसावा पैशांत मोजावा लागतो. मग ओळखीचा दुपट्टाच नाकावर येतो. तो ऊन व धूळ अडवितो, विषारी वाफ अडवीत नाही. उलट ओला झाल्यावर विष नाकातोंडाशी धरून ठेवतो. शिवाय यातील बरेचसे विष त्वचेवाटे शरीरात शिरते; तेथे नुसता मास्कही अपुरा पडतो.

भाषेचाही यात वाटा आहे. कीटकनाशकाला शेतकरी 'औषध' म्हणतो. कृषी केंद्रातही 'औषध द्या' असेच मागितले जाते. मास्क आजाऱ्याचा आणि डब्यातील द्रव औषध, अशी समजूत असलेल्या माणसाला फवारणीच्या वेळी तोंड बांधण्याचे कारण सहजी उमगत नाही. डब्यावरील लाल त्रिकोण अतिविषारीपणा दर्शवितो, परंतु दुकानातून शेतात जाताना त्याचे नाव औषधच राहते.