सूर्यशक्तीचा हिशेब

आमच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी 'फॅक्टोरिओ' नामक संगणकी खेळांत मग्न असतात. परग्रहावर कारखाना उभारावयाचा, असा तो खेळ. पुष्कळ सौर पटलें मांडूनही रात्रीं यंत्रें बंद पडतात, ही त्यांची तक्रार ऐकून आम्हीं हिशेब तपासला.

चूक दुपारच्या उन्हावर विसंबण्यांत आहे. तेथें एक पटल भर दुपारीं ६० किलोवॅट देतें, परंतु अहोरात्राची सरासरी ४२ च. यंत्रांचा भार ह्या ४२ वरून धरावा व २५ पटलांस २१ संचयक जोडावे, म्हणजे दिवसाची शिल्लक रात्रीं पुरते.

आमच्या मुर्रीस मात्र हें गणित तसेंच लागू पडत नाहीं. खेळांतील त्या सूर्याच्या आड ढग येत नाहींत, पटलांवर धूळ बसत नाहीं. येथें दोन्ही आहेत. आपला अक्षांश सुमारें २१½ अंश. म्हणून पटल दक्षिणाभिमुख व साधारण तितकेंच कलतें असावें. डिसेंबरांत माध्यान्हींचाही सूर्य क्षितिजापासून सुमारें ४५ अंशच चढतो. शेजारच्या चिंचेची सावली तेव्हां लांबते, आणि एका पटलावरील सावलीनें संबंध ओळीची वीज घटूं शकते.

पालकांस आणखी एक सांगणें अवश्य आहे. छपरावर पटलें आहेत म्हणून दिवा जाणार नाहीं, हा समज खोटा. बॅटरीवांचून केवळ सरकारी तारेशीं जोडलेली योजना, तारेंतील वीज जातांच, स्वतःही बंद होते. खेळांत फसलेला डाव पुन्हां मांडतां येतो. परीक्षेची रात्र मांडतां येत नाहीं. बॅटरी घ्यावयाची तर तिचा हिशेब श्रावणांतील ढगाळ दिवसावरून करावा.